इस्त्रीताईंच्या गालावरचे वांग

स्टुडिओत त्यांना सगळे इस्त्रीताई म्हणायचे. कपड्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या चेहऱ्यांना इस्त्री करायच्या. फोटो काढून माणूस घरी जातो आणि त्याचा चेहरा मागे स्टुडिओत राहतो, तो ताईंच्या टेबलावर येतो. मग ताई त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं उजळणार, कपाळावरच्या आठ्या सैल करणार, हनुवटीवरचा फोड नाहीसा करणार. सव्वीस वर्षं हेच काम. सुरुवातीला निगेटिव्हवर, डोळ्याला भिंग लावून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने; नंतर कॉम्प्युटरवर, माउसने. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि खराब जागेवर अशी अलगद लावायची, की बघणाऱ्याला सांधा सापडता कामा नये. ‘इस्त्रीताई’ हे नाव मालकांनी गमतीत ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर वाचलं की त्यांनाच परकं वाटायचं.

त्यांची खोली मागच्या बाजूला. खिडकीला काळा कागद, एक टेबल, एक पडदा, आणि एक पंखा, जो चालला तर पूर्ण वेगात चालायचा, नाहीतर अजिबात नाही. टेबलाच्या डाव्या हाताला पाकिटांचा ट्रे. काम आलं की मालक त्याचं पाकीट करणार, गिऱ्हाइकाचं म्हणणं लिहिलेली चिठ्ठी त्याला टाचणीने लावणार आणि ट्रेमध्ये ठेवणार. ‘दात पांढरे हवेत.’ ‘साहेबांचं पोट आत.’ एकदा तर ‘सासूबाईंना जमल्यास फोटोतून काढा’ अशीही चिठ्ठी आली होती, ती मालकांनी वर्षभर भिंतीला लावून ठेवली. चिठ्ठीत आहे ते करायचं, नाही ते करायचं नाही, आणि काम झालं की चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची. या बाबतीत ताई फार कडक होत्या.

त्यालाही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंच्या फोटोतला नाकाशेजारचा तीळ आपल्या मनाने काढून टाकला. बाई वारलेल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांचे यजमान फोटो घेऊन परत आले, स्टुलावर बसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, ही कोण आहे? त्या दिवसापासून चिठ्ठीत लिहिल्याशिवाय ताईंनी कुणाच्या तिळाला हात लावला नाही. तिळाने मात्र त्यांच्यावर सूड उगवला, असं मालक म्हणायचे. तिळाजवळची कातडी उचलली की कधीकधी तीळही बरोबर यायचा, आणि एका गालावर दोन सारखे तीळ दिसायचे. मालक बाहेरून ओरडायचे, ‘ताई, जुळं झालं!’ बहुतेक वेळा ताईंच्याच ते आधी लक्षात यायचं.

आता त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचं. दोन्ही गालांवर वांग होते, चहा सांडलेल्या कागदासारखे तपकिरी, डावीकडे जरा जास्त गडद. मुलगी पोटात असताना पाचव्या महिन्यात ते आले. बाळंत झालीस की जातील, असं सगळ्या बायका छातीठोकपणे म्हणाल्या. मुलगी आली, वांग राहिले. ते लपवायला ताईंना वेळच नव्हता. नोकरी, मूल, आणि पुढे नवऱ्याचं दुखणं. नवऱ्याने त्या डागांचा कधी एका शब्दाने उल्लेख केला नाही. त्याला ते दिसायचे नाहीत, की दिसून सवयीचे झाले होते, हे विचारायचं राहून गेलं. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मुलगी आता सत्तावीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरीला. तिचं लग्न तिच्याच ऑफिसातल्या मुलाशी ठरलं. मुलाचे आईवडील तिसऱ्याच गावी राहायचे, त्यामुळे ताईंना त्यांनी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या दहा आठवडे आधी मुलगी दोन दिवसांसाठी घरी येऊन गेली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी तिने दोघींचा फोटो काढला, आणि परत गेल्यावर तो ताईंच्या फोनवर पाठवला. ताई काय, हरखून गेल्या. उठून बाहेर काउंटरवर गेल्या आणि मालकांना दाखवला. मालकांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि छान आलाय असं म्हणून फोन परत दिला. माणूस तोंडदेखलं बोलतो तेव्हा ज्या आवाजात बोलतो, तो आवाज ताईंनी ओळखला.

मागच्या खोलीत येऊन त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि एका क्षणात सगळं कळलं. गाल स्वच्छ होते. डाव्या कानातलं अर्धं खाल्लं गेलं होतं, कानाजवळचे चार केस गालात विरघळले होते. मुलीच्या ओठाशेजारचा बारीक तीळसुद्धा गायब होता; लहानपणी झोपवताना ताई तिचा पापा घ्यायच्या तो त्याच तिळावर. आधी त्यांना राग आला तो कामाचा. इतकं गबाळं काम त्यांनी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. मग रागाच्या मागून हळूहळू दुसरं काहीतरी वर आलं, आणि त्यांनी फोन पालथा ठेवला.

ताईंनी फोटोबद्दल विचारलं, तेव्हा फोनवर मुलीने ते हसण्यावारी नेलं. फोन आपोआप करतो गं, सगळेच करतात, हा फोटो त्यांच्या घरी पाठवला, सासूबाई म्हणाल्या तुझ्या आईचं वय दिसतच नाही. ताई नुसतं हं हं करत होत्या. मग मुलगी जपून बोलली.

“आई, तू एकदा दाखवून घे ना कुठेतरी. आता काय काय निघालंय. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, जाऊन बसायचं आणि यायचं. लग्नाला अजून दहा आठवडे आहेत.”

झालं. ताईंच्या गळ्यात हे असं पडलं. त्या घरात त्यांचा चेहरा आधीच जाऊन पोचला होता, आणि आता त्याच्या मागून त्यांना स्वतःला जायचं होतं. आयुष्यभर त्यांनी माणसांचे फोटो सुधारले; आता फोटो बघून माणूस सुधारायची वेळ आली होती. नाही केलं, तर पहिल्याच भेटीत मुलगी खोटी पडणार, तीही आपल्यामुळे. तिला आपली लाज वाटते का, हा प्रश्न ताईंच्या मनात आला आणि पुढचे कित्येक दिवस काही केल्या जाईना.

त्या आठवड्यात त्यांनी ज्याला त्याला विचारून घेतलं. शेजारीण म्हणाली, माझ्या नणंदेने पार्लरमध्ये कसलंसं पील करून घेतलं, महिनाभर तोंड लपवून बसली होती. बसमधली एक ओळखीची म्हणाली, लेझर कर, दोन तासांत काम. मालक म्हणाले, ताई, या भानगडीत पडू नका. पुरुषाला काय जातंय बोलायला, त्यांचा स्वतःचा चेहरा खवणीसारखा होता आणि त्यांना आजवर कुणी काही सुचवलं नव्हतं. शेवटी ताई एका दुपारी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर स्वतः जाऊन बसल्या, मालकांकडून फोटो काढून घेतला, आणि मागच्या खोलीत नेऊन साफ केला. वांग साफ करायला त्यांना चाळीस मिनिटं लागायची, तशीच लागली. आणि खोटं कशाला बोला, तो चेहरा त्यांना आवडला. मनापासून आवडला. डबा खाईपर्यंत त्यांनी तो पडद्यावर तसाच ठेवला, अधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी क्लिनिकला फोन करून वेळ घेतली.

क्लिनिक एका बँकेच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. आत सगळं पांढरंशुभ्र आणि गार. काउंटरवरच्या मुलीची कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी होती. तिने एक फॉर्म दिला. वय, औषधं, कसली ॲलर्जी, दिवसात किती वेळ उन्हात जाता, आणि शेवटी, ‘तुम्हाला काय बदलायचे आहे?’ ताईंनी तिथे ‘गाल’ लिहिलं, मग ते खोडून ‘डाग’ लिहिलं. फॉर्म घेऊन मुलीने त्यांना एका छोट्या खोलीत बसवलं आणि समोर जाडजूड अल्बम उघडला. प्रत्येक पानावर डावीकडे ‘आधी’ आणि उजवीकडे ‘नंतर’. मुलगी पानं उलटत भराभर बोलत होती. हे पील, म्हणजे वरचा थर औषधाने सोलून काढायचा, हे लेझर, या सुया. ताई मान डोलवत होत्या. खरं सांगायचं तर त्यांचं ठरल्यातच जमा होतं.

तिसऱ्या की चौथ्या पानावर पन्नाशीची एक बाई होती. डावीकडे दोन्ही गालांवर वांग, उजवीकडे लख्ख. मुलगी म्हणाली, ही अगदी तुमच्यासारखी केस, मॅडम. ताई वाकल्या. उजव्या फोटोत गालाच्या हाडावर एक बारीक तीळ होता, आणि त्याच्या बोटभर खाली तोच तीळ, तसाच, त्याच आकाराचा. आपलं अक्षर माणूस जसं ओळखतो, तसं त्यांनी ते ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी एक पाकीट आलं होतं, वर नाव नव्हतं. चिठ्ठी होती, ‘गाल साफ. बाकी हात लावू नये.’ कुठल्या तरी पुस्तकासाठी आहे म्हणे, असं मालक म्हणाले होते. त्या आठवड्यात नवरा दवाखान्यात होता आणि डबा घेऊन जायची घाई होती. जुळं झालेलं त्या दिवशी ना त्यांना दिसलं, ना मालकांना.

त्यांनी विचारलं, या बाईंना किती वेळा यावं लागलं? मुलगी म्हणाली, सहा सिटिंग.

“मला चाळीस मिनिटं लागली होती,” ताई म्हणाल्या.

मुलीला काही कळेना. मग ताईंनी नखाने तिला तो तीळ दाखवला, मग दुसरा तीळ दाखवला, आणि आपण काय काम करतो ते सांगितलं. मुलीचा चेहरा पडला. तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती सात महिन्यांपूर्वी कामाला लागली होती आणि अल्बम तिच्या आधीपासूनचा होता. ताईंना तिचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या अकरा वर्षांचं. या पानावर बोट ठेवून ‘मला असंच करा’ म्हणणाऱ्या बायका किती झाल्या असतील, आणि त्यांच्या गालांचं काय झालं असेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं.

तरीही त्या डॉक्टरांपर्यंत गेल्या. आलोच आहोत तर विचारून घेऊ, असं त्यांनी स्वतःला समजावलं. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, आठवड्यातून दोनच दिवस यायच्या, आणि त्यांच्याच डोळ्यांखाली अशी वर्तुळं होती की ताईंचा हात शिवशिवला. डॉक्टरांनी दिवा लावून, भिंगातून दोन्ही गाल नीट पाहिले. अल्बमचं ऐकल्यावर त्या म्हणाल्या की अल्बम माझा नाही, मी इथल्या मालकांशी बोलीन. डाग कधीपासून, असं त्यांनी विचारलं. ताईंनी सांगितलं, मुलगी पोटात होती तेव्हापासून. पुष्कळ जणींचं असंच होतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वांग फिके होतात, पण वेळ लागतो, क्रीम आणि उन्हापासून जपणं हे महिनोन् महिने करावं लागतं, आणि एवढं करूनही ते परत येऊ शकतात. तुमच्या कातडीवर घाईने लेझर केलं तर डाग उलट गडद होण्याची भीती आहे. दहा आठवड्यांत फोटोसारखं करून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या. ज्याला स्वतःला हवं असतं आणि ज्याला वाट बघता येते, त्याला उपचारांचा उपयोग होतो, तो आनंद मी पाहिलाय. एवढं बोलून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“लग्न नसतं, तर तुम्ही आला असतात का?”

ताईंनी विचार केला. सत्तावीस वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या. “नसते आले,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं आणि कागदावर एक क्रीम आणि उन्हासाठीचं मलम लिहून दिलं, लावायचं तर लावा, नाही लावलं तरी काही बिघडत नाही, असं म्हणून.

त्या बाहेर आल्या तर अल्बम पुन्हा बाहेरच्या टेबलावर होता. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी, गालभर मुरमं, आईच्या शेजारी बसून पानं उलटत होती. ताई थांबल्या. काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे बघत होती, काही बोलू नका अशा नजरेने. तिलाही नोकरी होती. त्या मायलेकींना सांगायचं तरी काय, की हे माझ्या हातचं आहे? ताईंनी चप्पल घातली आणि जिना उतरल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांनी स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं, पण परत वर काही गेल्या नाहीत.

घरी येऊन त्यांनी मुलीला फोन केला आणि सांगितलं की मी काही करून घेत नाहीये, मी आहे तशीच येणार. मुलगी एवढंच म्हणाली, “तुझी मर्जी, आई.” ओरडली असती, भांडली असती, तरी परवडलं असतं. ताईंनी अल्बमचं तिला सांगायचं ठरवलं होतं, ते सांगितलंच नाही.

पुढचे आठवडे असेच गेले. मुलगी फोन करायची, हॉलचं, साड्यांचं, पाहुण्यांचं बोलायची. चेहऱ्याचा विषय दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. ताई सकाळी आरशासमोर उभ्या राहायच्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम हातात घेऊन परत ठेवून द्यायच्या. एकदा त्यांनी पावडरचा जाड थर लावून पाहिला. मालकांनी तो पाहिला, आणि भल्या माणसाने पंखा चालू करून दिला. तरी घामाने तो थर तासाभरात उतरला.

लग्न रजिस्टर होतं, मग एका हॉटेलच्या हॉलमध्ये जेवण. मालकांनी फोटो स्वतः काढायचे ठरवले होते, हाच माझा आहेर म्हणाले. विहीणबाई गाडीतून उतरल्या, ताईंकडे पाहिलं, आणि त्यांची नजर गालावर जरा जास्तच वेळ थांबली.

“फोटोत वेगळ्या दिसत होतात,” त्या म्हणाल्या.

“फोटो मुलीने काढला होता,” ताई म्हणाल्या. विहीणबाईंना हसू आलं. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि आपल्या गुडघेदुखीची कहाणी सुरू केली, ती जिना चढून वर जाईपर्यंत पुरली. संपलं. ज्या क्षणासाठी दहा आठवडे जीव टांगणीला लागला होता, तो एवढासा होता. ताईंचा जीव भांड्यात पडला. दिवसभर मुलगी त्यांना जवळ घेत होती. एका फोटोच्या वेळी तर तिने त्यांना मागून मिठी मारली आणि गालाला गाल लावला. आपण उगीचच लेकीबद्दल वाईटसाईट मनात आणलं, असं ताईंना वाटलं, आणि त्या रात्री त्यांना खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, ट्रेमध्ये जाडसर पाकीट होतं. मुलीच्या लग्नाचं. ताईंनी हौसेने ते ओढलं. टाचणीला नेहमीसारखी चिठ्ठी होती, पण अक्षर मालकांचं नव्हतं. वेलांटीला लांब शेपूट काढायची ती सवय ताईंनी मुलीला पहिलीत असताना मोडायला सांगितली होती, ती मोडली नव्हती.

‘काका, सगळ्या फोटोंत आईच्या गालावरचे डाग काढायचे. तिला कळू देऊ नका, तिला वाईट वाटेल.’

तेवढ्यात बाहेरून धावत पावलं आली. मालक दारात उभे होते, हातात कॅमेऱ्याचं झाकण तसंच. सव्वीस वर्षांची सवय. चिठ्ठी आली की टाचणी लावायची आणि पाकीट डावीकडच्या ट्रेमध्ये. हे पाकीट आपल्यापाशी ठेवायचंय हे त्यांना काउंटरवर चहा पिताना आठवलं होतं.

“ताई, ती तुमच्याकडे यायची नव्हती.”

“मग कुणाकडे जायची होती? दुसरं आहे कोण?”

ते मी करणार होतो, असं मालक पुटपुटले. मग म्हणाले की राहू द्या, फोटो आहेत तसे देतो, तिला सांगतो काकाला जमलं नाही. ताईंनी मान हलवली. “तुम्ही माझा कान उडवाल,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठीत लिहिलंय ना? मीच करते.” मालकांना हसावं की काय करावं कळेना. ते दार ओढून निघून गेले.

ताई रडल्या. पंखा सुरू केला आणि त्याच्या आवाजात पाच-दहा मिनिटं चांगल्या रडल्या. मुलीने वाईट हेतूने केलं नव्हतं, हेच जास्त लागत होतं. तिला आई हवी होती, जवळ हवी होती, फक्त भिंतीवर अशी नको होती. मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पहिला फोटो उघडला. एकूण त्रेसष्ट फोटो, त्यातल्या एक्केचाळीस फोटोंत त्या होत्या. कपाळावरची चांगली कातडी उचलायची, गालावर लावायची. डावा गाल, उजवा गाल. दुसऱ्याचा चेहरा असल्यासारखं काम करायचं त्यांनी ठरवलं होतं आणि दहाव्या-बाराव्या फोटोनंतर ते जमूही लागलं. कानातलं शाबूत, केस शाबूत. विहीणबाईंचा हात धरून जिना चढणारी बाई लख्ख गालांची झाली. पाहणाऱ्याला सांधा सापडला नसता. काम दोन दिवस चाललं.

शेवटी राहिला तो मिठीतला फोटो. गालाला गाल. त्यात ताईंचं कपाळ मुलीच्या केसांखाली गेलं होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर उचलायला चांगली जागाच शिल्लक नव्हती. जवळ होता तो मुलीचा गाल. ताईंनी तिथली कातडी घेतली आणि आपल्या वांगावर लावली. रंग तंतोतंत जुळला, कुठे कमीजास्त करावं लागलं नाही. लावता लावता मुलीच्या ओठाशेजारचा तीळही बरोबर आला आणि ताईंच्या गालावर येऊन बसला. जुळं झालं होतं.

तो काढायला एक क्षण पुरला असता. ताईंनी माउसवर हात ठेवला, आणि मग चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. तिळाबद्दल तीत काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी फोटो तसाच ठेवला, चिठ्ठीवर बरोबरची खूण केली आणि पाकीट बंद केलं. मालकांनी फोटो छापले, तो फोटोही छापला, आणि या वेळी बाहेरून काही ओरडले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला, दुपारी, कामाच्या वेळी. अल्बम पोचला होता. फार सुंदर फोटो आलेत, काकांना थँक्यू सांग, सासूबाई तर दोनदा बघून झाल्या. ती खूप खुशीत होती. ताईंनी विचारलं, आपल्या दोघींचा तो गालाला गाल लावलेला कसा आलाय?

“तोच तर सगळ्यात छान आलाय. फ्रेम करायला दिला.”

“नीट बघितलास ना?”

“हो गं. चांगला मोठा करून बघितला. का?”

काही नाही, असंच विचारलं, असं ताई म्हणाल्या. मुलीला मीटिंग होती, तिने फोन ठेवला. ताईंनी ट्रेमधलं पुढचं पाकीट ओढलं आणि चिठ्ठीची टाचणी काढली.